तळ्याच्या तळावरची महानगरे : मेक्सिको सिटी, अहमदाबाद आणि आपल्या पायाखालची माती

उत्तरायण

नैसर्गिक आपत्तीच्या पट्ट्यात मोठी शहरे असावीत की नसावीत, ही चर्चा आपल्याकडे बहुधा भूकंपक्षेत्रांच्या नकाशापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुंबई आणि पुणे तिसऱ्या क्षेत्रात, दिल्ली चौथ्या, गुवाहाटी आणि भूज पाचव्या (आकडा जितका मोठा तितका धोका जास्त), एवढे सांगितले की विषय मिटला असे मानले जाते. या नकाशातून अर्धेच उत्तर मिळते असे माझे मत आहे. उरलेले अर्धे शहराखालच्या मातीत दडलेले असते, आणि ते समजून घेण्यासाठी मेक्सिको सिटीइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

अ‍ॅझ्टेक लोकांनी 1325 च्या सुमारास टेक्सकोको सरोवरातल्या एका बेटावर टेनोच्टिट्लान हे नगर वसवले. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवरचे हे खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे आणि त्यातले पाणी बाहेर जायला नैसर्गिक वाट नव्हती. पावसाळ्यात सरोवरे फुगत, कोरड्या दिवसांत ओसरत. तिथल्या लोकांनी बांध घालून गोडे पाणी खाऱ्या पाण्यापासून वेगळे राखले होते, उथळ पाण्यात मातीचे वाफे रचून त्यांवर शेती केली होती, आणि रस्त्यांइतकेच कालवेही वाहतुकीसाठी वापरले होते.

1521 मध्ये स्पॅनिश फौजांनी हे नगर जिंकून उद्ध्वस्त केले, तेव्हा नवी राजधानी काठावरच्या कोयोआकानसारख्या कोरड्या जमिनीवर बांधावी असे म्हणणारे लोक त्यांच्यातही होते. एर्नान कोर्तेसने ते ऐकले नाही. जिंकलेल्या राजधानीच्या जागेवरच आपली राजधानी उभी राहिली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पुढे 1629 मध्ये असा महापूर आला की शहर सुमारे पाच वर्षे पाण्यात राहिले. त्या काळात शहर उंच जमिनीवर हलवण्याचा प्रस्ताव गंभीरपणे विचारात घेतला गेला, परंतु घरे, मठ आणि चर्च यांत गुंतलेला पैसा फार मोठा आहे या कारणाने तो मागे पडला. खोऱ्यातले पाणी बाहेर काढण्याचे जे काम 1607 मध्ये सुरू झाले होते, तेच पुढे शतकानुशतके चालू राहिले. सरोवर जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याच्या तळावर आज मोठे महानगर उभे आहे.

शहराची जागा पूर्वजांनी एकदाच निवडली, आता आपण काय करणार, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मेक्सिको सिटीच्या बाबतीत जागा बदलण्याची संधी निदान दोनदा चालून आली होती, आणि दोन्ही वेळा धोका माहीत असूनही सत्ता आणि पैसा यांचे वजन जास्त ठरले. अशा शहरांनी आज काय करावे याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

कातळशिल्प

विषय महत्त्वाचा आहे. इमारतींच्या पायासाठी जमीन तपासण्याचे काम मी करतो, त्यामुळे मातीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

19 सप्टेंबर 1985 रोजी सकाळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मिचोआकान राज्याजवळ, सुमारे 8 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होता. एवढ्या अंतरावर भूकंपाच्या लाटा बऱ्याच क्षीण होतात, आणि शहराच्या कडेच्या टेकड्यांवर, जिथे ज्वालामुखीचा कठीण खडक आहे, तिथे नुकसान खरोखरच फार झाले नाही. सरोवराच्या जुन्या तळावर मात्र शेकडो इमारती कोसळल्या. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांच्या पुढे जातात. कोसळलेल्या इमारतींत रुग्णालयेही होती.

याचे कारण त्या मातीत आहे. सरोवराच्या तळाशी ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या चिकणमातीचे कित्येक मीटर जाडीचे थर साचलेले आहेत आणि त्या मातीत तिच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी असते. परात हलकेच हलवली की तिच्यातले पाणी ठरावीक लयीत डचमळू लागते आणि हात थांबला तरी डचमळत राहते, तसे हे खोरे हलले. शहराच्या मध्यभागात ही लय सुमारे दोन सेकंदांची होती. कठीण जमिनीवरच्या विद्यापीठ परिसरातल्या नोंदीशी तुलना केली, तर सरोवराच्या भागात जमिनीचे कमाल त्वरण, म्हणजे हादऱ्याचा जोर, चार ते पाच पट भरले, आणि दोन सेकंदांच्या लयीपुरते पाहिले तर वाढ याहून किती तरी जास्त होती.

प्रत्येक इमारतीलाही स्वतःची लय असते. ढोबळ मानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरतात, आणि भिंतींना, जोडांना तडे जाऊ लागले की इमारत सैल होऊन ही लय आणखी लांबते. त्यामुळे सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती जमिनीच्या लयीत सापडल्या आणि सर्वाधिक हानी त्यांचीच झाली. त्याच मध्यभागात 1956 मध्ये पूर्ण झालेला 44 मजली लॅटिनोअमेरिकाना मनोरा मात्र सुरक्षित राहिला. त्याचे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, तीस मीटरहून खोल, टणक थरापर्यंत नेलेले आहेत आणि त्याच्या आराखड्यात या मातीचा आणि भूकंपाचा विचार आधीपासून होता.

म्हणजे जागा धोक्याची होती हे खरेच. तरीही त्याच जागेवर, त्याच मातीचा नीट अभ्यास करून बांधलेली इमारत टिकली.

ओंजळ

कातळशिल्प, माहितीबद्दल आभार. परंतु आपल्या शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. एक मनोरा टिकला म्हणून शहर तिथे असणे समर्थनीय ठरते का? उत्तम अभियंते आणि पुरेसा पैसा ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या इमारती जगात कुठेही टिकतील. मरतात ते भाड्याच्या खोल्यांत राहणारे आणि कारखान्यांत काम करणारे. 1985 मध्ये मेक्सिको सिटीत कपडे शिवण्याच्या कारखान्यांच्या इमारती कोसळून शेकडो शिवणकामगार स्त्रिया दगावल्या. त्यांना कोणी विचारले होते की या मातीवर काम कराल का?

माझे मत स्पष्ट आहे. सरकारी कार्यालये, मोठ्या संस्था आणि उद्योग अशा शहरांतून टप्प्याटप्प्याने हलवले पाहिजेत. रोजगार हलला की माणसे आपोआप हलतील. इंडोनेशियाने जकार्ता खचत असल्याचे ओळखून बोर्निओ बेटावर नुसंतारा ही नवी राजधानी बांधायला घेतली आहे. एवढे धैर्य इतरांनी का दाखवू नये?

भीमाकाठ

ओंजळ, आपली तळमळ मला मान्य आहे, पण हलवण्याचा इतिहास फारसा आशादायक नाही. ग्वाटेमालाची जुनी राजधानी, आजचे अँटिग्वा, 1773 च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. स्पेनच्या राजाच्या आज्ञेने 1776 मध्ये राजधानी जवळच्याच दुसऱ्या खोऱ्यात हलवण्यात आली. ती नवी राजधानी म्हणजे आजची ग्वाटेमाला सिटी. 1917-18 च्या भूकंपांनी तिची मोठी पडझड केली, आणि 4 फेब्रुवारी 1976 च्या भूकंपात देशभरात सुमारे 23,000 माणसे मेली. डोंगर तेच आणि भूपट्टही तेच असताना एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात गेल्याने काय साधणार होते?

जकार्ताविषयीही जपून बोलावे लागेल. राजधानी हलली तरी त्या शहरातले सुमारे एक कोटी लोक तिथेच राहणार आहेत. जमीन खचते ती मुख्यतः भूजलाच्या उपशामुळे, आणि मंत्रालये गेल्याने तो उपसा थांबत नाही. उलट भीती अशी की राज्यकर्ते तिथून निघून गेल्यावर समुद्रभिंतीसाठी आणि नळाच्या पाण्यासाठी भांडणारा आवाज क्षीण होईल.

मला अधिक उपयोगी वाटते ते न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे उदाहरण. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात तिथे 185 माणसे गेली. एव्हॉन नदीच्या काठचे पूर्वेकडील विभाग असे होते की जमिनीतली वाळू आणि पाणी उसळून वर आले आणि घरे रुतली. शहर हलवले नाही. पण त्या विभागांतली जमीन पुन्हा घरे बांधण्यायोग्य नाही असे ठरवून सरकारने जवळपास आठ हजार घरे मालकांकडून विकत घेतली, पाडली आणि जागा मोकळी सोडली. लोकांना मोबदला मिळाला, त्यावर वाद झाले, न्यायालयात प्रकरणे गेली; पण नदीकाठ मोकळा झाला.

आमच्या सांगली-कोल्हापूर भागात हीच गोष्ट पूररेषांच्या रूपाने अडकून पडलेली आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षांत कृष्णा आणि पंचगंगा यांनी या रेषा लोकांना घरात येऊन दाखवल्या. तरीही रेषा सरकवून घेण्याची मागणी दर पुरानंतर होतेच. शहर हलवण्याच्या गप्पांपेक्षा शहरातला एक पट्टा खरोखर मोकळा करून दाखवणे अधिक अवघड आहे, आणि अधिक गरजेचेही.

निर्झरा

मी नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहते. इथे भूकंपापेक्षा रोज जाणवणारा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो भूकंपाच्या धोक्यापासून वेगळा काढता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा शहराखालूनच उपसला जातो. पाणी निघाले की चिकणमाती आवळते आणि जमीन खचते. मध्यभागातली जमीन विसाव्या शतकात सात ते नऊ मीटर खाली गेली आणि पूर्वेकडच्या काही भागांत आजही वर्षाला चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत खचते. स्वातंत्र्यदेवतेचा स्तंभ 1910 मध्ये रस्त्याच्या पातळीवर उभा केला होता. भोवतालची जमीन खचत गेल्याने त्याच्या पायथ्याला नंतर चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या. सर्व जमीन सारखी खचत नाही हे अधिक वाईट आहे. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी खचल्याने इमारती कलतात, जलवाहिन्या फुटतात आणि भुयारी रेल्वेचे रूळ वाकतात. भूकंप येण्याआधीच इमारत दुबळी झालेली असते.

सांडपाणी बाहेर नेण्यासाठी 1900 मध्ये पूर्ण केलेला मोठा कालवा उताराने वाहत असे. शहर खचले तसा त्याचा उतार गेला आणि पंप बसवावे लागले. मग खोल बोगदे खणले. त्यांतला पूर्वेकडचा बोगदा 62 किलोमीटर लांबीचा असून तो 2019 मध्ये सुरू झाला. दुसरीकडे कुत्सामाला योजनेतून शंभर किलोमीटरहून दूरचे पाणी हजार मीटरहून अधिक उचलून शहरात आणले जाते. ज्या खोऱ्यात एके काळी पाणीच पाणी होते, तिथे पिण्याचे पाणी डोंगर चढवून आणायचे आणि पावसाचे पाणी डोंगराखालून बाहेर काढायचे, असा हा अखंड खर्च आहे. इस्तापालापासारख्या पूर्वेकडच्या गरीब वस्त्यांत अनेक घरांना आजही टँकरवर अवलंबून राहावे लागते, आणि जमीनही तिथेच सर्वांत जास्त खचते.

एक गोष्ट मात्र या शहराने चांगली उभी केली. किनाऱ्यावरच्या संवेदकांवर आधारलेली पूर्वसूचना यंत्रणा 1991 पासून काम करते. लाटा इथवर पोहोचायला वेळ लागत असल्याने किनाऱ्यावर मोठा भूकंप झाल्यास शहराला सुमारे एक मिनिट मिळते. भोंगा वाजला की शाळेतली मुले न गोंधळता रांगेने बाहेर येतात. पण 19 सप्टेंबर 2017 चा भूकंप किनाऱ्यावर झालाच नाही. त्याचा केंद्रबिंदू सुमारे 120 किलोमीटरवर, खुद्द देशाच्या अंतर्भागात होता. त्या दिवशी सकाळी 1985 च्या स्मरणार्थ सराव झाला होता आणि दोनच तासांनी खरी जमीन हलली. शहराच्या बऱ्याच भागांत भोंगा आणि हादरा जवळपास एकदमच आले. शहरात 228 माणसे गेली. ओंजळ यांनी विचारलेला प्रश्न तेव्हाही लागू होता: कोसळलेल्या इमारतींत जुन्या, तळमजला कमकुवत असलेल्या निवासी इमारती बऱ्याच होत्या.

ओंजळ

निर्झरा, आपल्या प्रतिसादाने माझा प्रश्न अधिक टोकदार झाला. भीमाकाठ यांचे ग्वाटेमालाचे उदाहरण मला पटले, परंतु नव्या बांधकामाविषयी माझा आग्रह कायम आहे. जे शहर आहे ते आहे. निदान वाढवू तरी नका. आणि तळमजला कमकुवत म्हणजे नेमके काय, आणि मुंबई-पुण्यातल्या आपल्या इमारतींना हे कितपत लागू होते, हे कातळशिल्प यांनी सांगावे.

कातळशिल्प

हे आपल्याला पूर्णपणे लागू होते, आणि त्यासाठी मेक्सिकोपर्यंत जायचीही गरज नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे मेली. अहमदाबाद नकाशावर तिसऱ्या क्षेत्रात आहे, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्याच रांगेत. तिथली जमीन साबरमतीच्या गाळाची आहे. 1985 च्या मेक्सिकोतली दोन्ही कारणे, दूरचा मोठा भूकंप आणि खाली मऊ थर, इथे पुन्हा एकत्र आली.

कोसळलेल्या इमारतींत खाली मोकळे पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग ताठ आणि जड असतो. खाली नुसते कॉलम असतात. जमीन हलली की सगळी वाकणूक त्या एका मजल्यावर येते, कॉलमचे डोके आणि पाय चिरडतात आणि वरची इमारत अखंड खाली बसते. भूजनंतर, 2002 मध्ये आलेल्या भारतीय मानकात अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी आखावेत अशी तरतूद झाली. त्यापूर्वी बांधलेल्या स्टिल्टच्या, म्हणजे अशा मोकळ्या तळमजल्याच्या, इमारती पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. मानक बदलले म्हणून त्या आपोआप बळकट झालेल्या नाहीत. कॉलमना जॅकेटिंग करणे (भोवती नवे आवरण घालून बळकट करणे), काही गाळ्यांत काँक्रीटच्या भिंती घालणे असे उपाय आहेत आणि ते पुनर्विकासापेक्षा स्वस्त पडतात, पण त्यातून वाढीव क्षेत्रफळ मिळत नसल्याने त्यांत कोणाला रस नसतो.

मातीविषयी म्हणाल, तर मुंबईचा बराचसा भाग बेसाल्टवर असला तरी खाड्यांच्या काठी, वांद्रे-कुर्ला परिसरात आणि नवी मुंबईच्या काही विभागांत खडकावर मऊ सागरी चिकणमाती आणि तिच्यावर भराव आहे. आपल्याच मानकानुसार लांब लयीच्या, म्हणजे उंच इमारतीसाठी मऊ जमिनीवर कठीण जमिनीच्या 1.67 पट बल धरावे लागते. एकाच क्षेत्रात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, हा फरक पडू शकतो.

नकाशावर विसंबण्याचा दुसरा धडा किल्लारीने दिला. 30 सप्टेंबर 1993 पर्यंत तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. 6.2 तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा जडशीळ मातीचा भार अंगावर आल्याने.

काठमांडूचा उल्लेखही इथे केला पाहिजे. तेही आटलेल्या सरोवराच्या तळावर आहे. मंजुश्री या बोधिसत्त्वाने चोभारची खिंड कापून पाणी वाहून जाऊ दिले ही तिथली कथा अनेकांना माहीत असेल. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात त्या खोऱ्याची लय चार-पाच सेकंदांची निघाली. शहरात बहुसंख्य इमारती बुटक्या असल्याने भाकित केल्यापेक्षा कमी इमारती पडल्या. आता तिथे उंच इमारतींची संख्या वाढत आहे, आणि पुढचा भूकंप त्यांना वेगळ्याच रीतीने हलवील.

भीमाकाठ

ओंजळ यांनी न वाढवण्याविषयी लिहिले, त्यावर. मेक्सिको सिटीत उरल्यासुरल्या टेक्सकोकोच्या तळावरच प्रचंड नवा विमानतळ बांधायला घेतला होता. बरेच काम झालेले असताना, 2018 मध्ये, लोकमत घेऊन तो रद्द केला गेला, आणि 2022 मध्ये ती जागा संरक्षित नैसर्गिक क्षेत्र म्हणून जाहीर झाली. त्या निर्णयामागच्या राजकारणावर आणि वाया गेलेल्या खर्चावर तिथे आजही कडाक्याची टीका होते, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. पण 1629 नंतर जे घडले त्याच्या नेमके उलट इथे घडले: गुंतलेला पैसा मोठा असूनही काम थांबले. आपल्याकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि खाजणात भराव पडला. त्या भरावाचे अभियांत्रिकी काम उत्तम झाले असेलही. पण विमानतळ एकटा येत नाही. त्याच्या भोवती जी वस्ती दाटते, तिच्या प्रत्येक इमारतीला तसे अभियंते लाभत नाहीत.

2017 मध्ये मेक्सिको सिटीत एका शाळेची इमारत कोसळून 19 मुले आणि 7 मोठी माणसे मेली. शाळेच्या वर परवानगीशिवाय जादा बांधकाम करण्यात आले होते. नियम 1985 नंतर कडक झालेले होते. त्यांची तपासणी करणारी यंत्रणा तेवढी कडक झालेली नव्हती.

उत्तरायण

सर्वांच्या प्रतिसादांतून चर्चा अपेक्षेहून पुढे गेली आहे. एका मुद्द्याची भर घालतो.

मेक्सिको सिटीच्या बांधकाम नियमांत शहराचे टेकडीचा, संक्रमणाचा आणि सरोवराचा असे तीन विभाग पाडलेले आहेत, आणि आपली इमारत कोणत्या विभागात येते हे सामान्य माणसालाही कळू शकते. भाडेकरूसुद्धा ते पाहून घर निवडू शकतो. आपल्याकडे दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, गुवाहाटी, जबलपूर अशा काही शहरांचे सूक्ष्म भूकंपक्षेत्रीकरण, म्हणजे शहरातल्या भागाभागाच्या जमिनीनुसार धोक्याचे नकाशे, झाले आहे. पण घर घेताना कोणी त्याची प्रत मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चटईक्षेत्र, पार्किंग आणि मेंटेनन्स यांची विचारपूस होते. माती परीक्षणाचा अहवाल सोसायटीच्या कपाटातही बहुधा नसतो.

ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत त्यांनी विकासकाकडे माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाचा आराखडा करारनाम्यासोबत मागावा, आणि विकासकाच्या सल्लागाराखेरीज दुसऱ्या स्वतंत्र स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तो तपासून घ्यावा. हा खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो. कातळशिल्प, अशा अहवालात सामान्य सभासदाने कोणत्या तीन-चार नोंदी पाहाव्यात, हे आपण सवडीने लिहिलेत तर इथल्या अनेकांना त्याचा लगेच उपयोग होईल.

कातळशिल्प

अवश्य. थोडक्यात लिहितो.

बोअर (माती तपासण्यासाठी जमिनीत घेतलेली खोल छिद्रे) किती घेतले आणि कुठे घेतले, हे प्रथम पाहावे. मोठ्या भूखंडाच्या एकाच कोपऱ्यातल्या बोअरवरून संपूर्ण जागेचे अनुमान काढणे खाडीकाठच्या जमिनीत धोक्याचे असते. खडक किती खोलीवर लागला आणि त्याच्या वर भराव व चिकणमाती किती मीटर आहे, हे त्यानंतर पाहावे. भूजलाची पातळी कोणत्या ऋतूत मोजली आहे तेही पाहावे. मे महिन्यातल्या मोजमापावरून पावसाळ्याचा अंदाज येत नाही. अहवालात जमिनीचा जो प्रकार नोंदवला आहे, कठीण, मध्यम की मऊ, तोच आरसीसी आराखड्याच्या गणितात धरला आहे का, ही शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. दोन कागद वेगवेगळ्या सल्लागारांनी केलेले असतात आणि त्यांचा मेळ घातलेला नाही असे मी पाहिलेले आहे. तिथे तफावत दिसली, तर तिचे लेखी स्पष्टीकरण मिळेपर्यंत सही करू नये.